हलक्या कादंबरीचें वजन

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या उपनगरांतील कोणत्याही वाचनालयांत घटकाभर उभें राहावें, म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. ज्या कादंबरींत एक तरुण व एक तरुणी प्रथम भांडतात, मग परस्परांविषयीं नाहीं नाहीं ते गैरसमज करून घेतात, वडील मंडळींची त्रेधा उडते, आणि शेवटच्या प्रकरणांत सर्व गुंता सुटून लग्न ठरतें, त्या कादंबरीची बांधणी उसवलेली असते व पानें हाताळून मऊ झालेलीं असतात. गंभीर विषयांवरील ग्रंथ मात्र शेजारच्या फळीवर कोरे करकरीत विराजमान असतात. परंतु ती कादंबरी परत करणाऱ्या वाचकास तिच्याविषयीं अभिप्राय विचारा, तो किंचित् ओशाळून म्हणेल, "ठीक आहे. गाडींत वेळ बरा गेला." जें पुस्तक रात्रीं जागून संपविलें, त्याची दिवसां ओळख द्यावयास हा गृहस्थ लाजतो. ह्या लाजण्याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

हलक्याफुलक्या प्रणयकथेविषयीं वाचकांचीं मतें साधारणतः तीन प्रकारचीं आढळतात. पहिला पक्ष म्हणतो, ही केवळ करमणूक आहे. चण्याफुटाण्यांचा कोणी रसविचार करीत बसत नाहीं. दुसरा पक्ष गंभीर वाचकांचा. तो म्हणतो, हींत जीवनाचें दर्शन नाहीं. पोटाची चिंता नसलेल्या देखण्या माणसांचे हे लटके रुसवेफुगवे आहेत. तिसरा पक्ष घरांतील वडीलधाऱ्यांचा. त्याचें म्हणणें असें कीं, असलीं पुस्तकें वाचून मुलें, आणि विशेषतः मुली, बिघडतात. पहिल्या दोन पक्षांस हें पुस्तक क्षुद्र वाटतें. एकट्या तिसऱ्यास तें भयंकर वाटतें. आमच्या मतें पुस्तकाची खरी पारख ह्या तिसऱ्या पक्षासच आहे. त्याचा निष्कर्ष आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु ह्या हलक्या पुस्तकास कांहीं वजन आहे, हें त्यानें बरोबर ओळखलें आहे.

हें वजन कोणतें तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ मध्यें निघालें. तें विधवांच्या दुःखाचें पुस्तक. त्यानंतर 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' इत्यादि अद्भुत कथांचा काळ आला. 'मंजुघोषा'कार नारो सदाशिव रिसबूड यांनीं १८६८ च्या सुमारास आपल्या प्रस्तावनेंत एक मार्मिक तक्रार केली आहे. तिचा भावार्थ असा कीं, आमच्या लोकांच्या विवाहाच्या चालीच अशा आहेत कीं, त्यांच्या आयुष्यांत कादंबरीस पुरेल असें मनोरंजक कांहीं घडतच नाहीं. ही तक्रार कित्येकांस गमतीची वाटेल. आम्हांस ती एखाद्या साक्षीदाराच्या जबानीसारखी वाटते. आठव्या-दहाव्या वर्षीं जिचें लग्न लागावयाचें, तिच्या आवडीनिवडीचा प्रश्न उद्भवतो कोठें? जेथें नायिकेस होकार देण्याचा अधिकार नाहीं आणि नकार देण्याचाही नाहीं, तेथें प्रणयकथेचें पहिलें प्रकरणच लिहितां येत नाहीं. मग बिचाऱ्या ग्रंथकारानें राजपुत्र, राजकन्या व घोर अरण्यें यांचा आश्रय न करावा तर काय करावें? दोष त्याच्या प्रतिभेचा नव्हता, समाजाचा होता.

आतां ह्याच्या शेजारीं जेन ऑस्टिन ह्या इंग्रज बाईंची १८१३ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी ठेवून पाहा. प्रणयप्रधान विनोदी कादंबरीचा ती आजही आदर्श समजली जाते. तींत कॉलिन्स नांवाचा एक आढ्यताखोर पाद्री नायिकेस मागणी घालतो. ती स्पष्ट नाहीं म्हणते. हा नकार लाजेपोटीं आहे, अशी तो आपली समजूत करून घेतो. आई आकांततांडव करिते. बाप मात्र मुलीची बाजू घेतो. वाचक पोट धरून हंसतो. हें हंसूं शक्य कां झालें? मुलीच्या नकारानें तिच्या जिवावर बेतणार नाहीं, हें वाचकास ठाऊक असतें म्हणून. तेव्हांच्या इंग्लंडांत स्त्रियांस फार हक्क होते असें नाहीं. ह्याच कादंबरींत पांच बहिणींच्या बापाची मिळकत पुरुष वारस म्हणून त्या पाद्र्याकडेच जावयाची आहे! तथापि तिचा 'नाहीं' हा शब्द कोणी मोडून काढीत नाहीं.

आणि आमच्या मुंबईंत काय झालें? रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं लागलें. जाणत्या झाल्यावर त्यांनीं नवऱ्याच्या घरीं नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ मध्यें नवऱ्यानें हायकोर्टांत दावा आणिला. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळिला. पण अपिलांत तो निकाल फिरला, आणि १८८७ च्या मार्च महिन्यांत आज्ञा झाली कीं, नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्यें दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली म्हणून तो प्रसंग टळला. पुढें त्या विलायतेंत वैद्यक शिकल्या व डॉक्टर होऊन परतल्या. कायद्याचा अभ्यास केलेल्या मनुष्यास ह्यांतील एक गोष्ट विसरतां येत नाहीं. नांदावयास भाग पाडण्याचा हा दावा आमच्या धर्मशास्त्रांतला नव्हे. तो इंग्रजांच्या धर्मन्यायालयांतून येथें आला. खुद्द इंग्लंडांत असा हुकूम मोडणारास कैद देण्याची तरतूद १८८४ मध्यें रद्द झाली. येथें मात्र तिचाच धाक तीन वर्षांनीं एका हिंदु स्त्रीस दाखविण्यांत आला, आणि धर्माचे म्हणविणारे आमचे कित्येक पुढारी त्या परकी हत्याराचें समर्थन करूं लागले! स्वदेशीचा असा विपर्यास विरळाच. तात्पर्य, विलायतेंत १८१३ मध्यें ज्या शब्दावर विनोदी प्रकरण लिहितां आलें, त्याच शब्दावर मुंबईंत १८८७ मध्यें शिक्षेचा हुकूम झाला.

पुढें हळूहळू पालट झाला. १८९१ मध्यें संमतिवयाचा कायदा होऊन दहाचीं बारा वर्षें झालीं. १९१६ मध्यें कर्व्यांचें महिला विद्यापीठ निघालें. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें. १९२३ मध्यें पार्ल्यास लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला, १९२८ च्या जानेवारींत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, आणि त्याच सुमारास ना. सी. फडके यांच्या 'जादूगार' (१९२८) व 'दौलत' (१९२९) ह्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. शिकलेली मुलगी शिकलेल्या मुलाशीं बोलते, रुसते, निवड करिते, असें चित्र रंगवितां येईल इतपत जमीन आतां तयार झाली होती. तेव्हांही वाचकांत दोन तट पडलेच. फडके म्हणत कलेसाठीं कला, वि. स. खांडेकर म्हणत जीवनासाठीं कला. फडक्यांचीं पात्रें सुखवस्तु असतात, त्यांना भाकरीची भ्रांत नसते, हा आक्षेप खोटा नाहीं. १९३३ मध्यें विभावरी शिरूरकर यांचे 'कळ्यांचे निःश्वास' निघालें, तेव्हां शिकलेल्या मुलींच्या वांट्यास त्या रुसव्याफुगव्यांपलीकडे काय येतें तें महाराष्ट्रास कळलें, आणि केवढा गहजब उडाला! पण आमच्या मतें तीं दोन्हीं पुस्तकें एकाच अधिकाराचीं आहेत: एकांत तो मिळाल्याचा आनंद, दुसऱ्यांत तो न मिळाल्याचा निःश्वास.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हलक्या प्रणयकथेवर मत देतांना तिची भाषा व तिचे विनोद पाहावेत, परंतु त्याआधीं एक प्रश्न विचारावा: ह्या पुस्तकांतील मुलीच्या 'नाहीं' ह्या शब्दास किंमत आहे काय? ज्या पुस्तकांत नायक नकार मिळाल्यावरही तिचा पिच्छा पुरवितो, आणि शेवटीं ती कंटाळून हो म्हणते त्यास ग्रंथकार प्रेमाचा विजय म्हणतो, तें पुस्तक कितीही हंसविणारें असो, आम्ही त्यास विनोदी म्हणणार नाहीं. तेथें कॉलिन्सलाच नायक केलेलें असतें. उलट जेथें ती मोकळेपणीं नाहीं म्हणूं शकते, आणि म्हणूनच तिच्या हो म्हणण्यास गोडी येते, तें पुस्तक छत्री विसरण्यावरचे विनोद करीत असलें तरी समाजाच्या बऱ्या स्थितीची साक्ष देतें.

आतां वाचकांस एक स्पष्ट गोष्ट सांगावयाची आहे. घाटकोपरचा व्यापारी काय, मुलुंडचा कारकून काय, परतीच्या गाडींत असलें पुस्तक वाचून प्रसन्न होतो. नायिकेनें बापाचें मन वळविलें कीं त्याच्या डोळ्यांत पाणी येतें. त्याच आठवड्यांत घरची मुलगी परजातींतील एखाद्याचें नांव काढिते, आणि हा रसिक वाचक तिचें बाहेर जाणें बंद करितो. पुस्तकांतल्या मुलीस टाळी आणि घरच्या मुलीस टाळें! कायदा तर आज मुलांच्या बाजूस आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें जातिधर्म न बदलतां लग्न करितां येतें. प्रौढ स्त्रीपुरुषांनीं आपला जोडीदार निवडणें हा त्यांचा घटनात्मक हक्क असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें सांगितलें आहे. परंतु त्याच १९५४ च्या कायद्यांत तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे, आणि घरच्यांनीं दडपण आणावयास तीस दिवस पुष्कळ होतात. हे तीस दिवस सुखाचे कीं भीतीचे, हें कोर्टांत ठरत नाहीं. तें आमच्या स्वयंपाकघरांत ठरतें.

तेव्हां वाचकहो, पुढच्या वेळीं असली कादंबरी परत करितांना "वेळ बरा गेला" एवढेंच म्हणून लाजूं नका. ती आवडली असेल तर आवडली म्हणा, आणि कां आवडली ह्याचा विचार करीत घरापर्यंत चाला. जें सुख परक्या मुलीचें वाचून तुम्हांस इतकें गोड वाटलें, तें आपल्या मुलीस द्यावयास जर तुमचा हात आंखडत असेल, तर कादंबरी हलकी नव्हती. तिचा वाचक हलका होता.