दिवाळींतील किल्ला : घडविलेला आणि विकत घेतलेला

दिवाळीची सुटी लागली म्हणजे महाराष्ट्रांतील मुलांचे हात मातीला लागतात. अंगणाच्या एका कोपऱ्यांत विटांचे तुकडे, धोंडे व मोडकीं खोकीं रचावयाचीं, चिखलांत बुडविलेलें गोणपाट त्यांवर पसरावयाचें, कडे उठवून बुरूज चढवावयाचे, अळीव पेरावयाचे, आणि शेवटीं कुंभारवाड्यांतून आणलेले मावळे जागोजाग उभे करून महाराजांस सिंहासनावर बसवावयाचें. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे कीं, त्याचा निराळा विचार करण्याचें कोणास कारण वाटत नाहीं. अलीकडे मात्र तें कारण उत्पन्न झालें आहे. बाजारांत प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले रंगवून, तटबुरुजांसह मिळतात. वडील कामावरून परततांना तो उचलून आणतात, दहा मिनिटांत तो गॅलरींत बसतो, आणि दिवाळी सरली म्हणजे खोक्यांत घालून माळ्यावर ठेवतां येतो. सोय मोठी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि त्यास किल्ला म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं.

किल्ला हा ज्या जागेवर असतो त्या जागेचा असतो. आमच्या डोंगरी किल्ल्यांवर पुष्कळ ठिकाणीं माथ्यावरचाच काळा कातळ फोडून तट उभारले, आणि दगड काढून जो खड्डा राहिला त्याचेंच पाण्याचें टाकें झालें. राजगडाच्या माच्या डोंगराच्या सोंडा जशा गेल्या तशाच गेल्या आहेत. संजीवनी माचीची सोंड अरुंद व लांब, म्हणून तिला दुहेरी तट घालावा लागला. सन १६६४ मध्यें सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें तें बेटाच्या खडकावर, व त्याच्या तटाचीं वळणें त्या खडकाच्या वळणांनीं ठरविलीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांत ११ महाराष्ट्रांतले आणि एक तामिळनाडूंतील जिंजी. यांपैकीं एकही दुसऱ्यासारखा नाहीं. साच्यांतून निघालेले शंभर किल्ले मात्र एकमेकांसारखेच असतात, मग ते पुण्यास बसोत कीं नागपुरास.

अंगणांतील किल्लाही खऱ्या किल्ल्याच्याच वाटेनें जातो. आंब्याचें मूळ जमिनीवर आलें असेल तर ती माची होते. शेजारच्या घराची भिंत हा पाठीमागचा कडा. मोरीचें पाणी जवळून जात असेल तर मुलें सिंधुदुर्ग करावयाचें ठरवितात, तें कोणी शिकवावें लागत नाहीं. फुटक्या आरशाचा तुकडा तलाव होतो, काड्यापेट्यांचीं घरें होतात, सुताराकडचा भुसा रंगवून रस्ता होतो. मावळा पुष्कळदां दरवाजापेक्षां उंच असतो. पण त्या किल्ल्यांत राहणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार असल्याचें ऐकिवांत नाहीं.

आणि या कामांत एक शिक्षण आहे, जें पुस्तकांत सांपडणें कठीण. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशींत असा दडविला आहे कीं, अगदीं जवळ गेल्याखेरीज तो दिसत नाहीं. विकतच्या किल्ल्याचा दरवाजा दुकानाच्या दारासारखा समोर उघडा असतो, आणि मुलास त्यांत कांहींच खटकत नाहीं. परंतु ज्या मुलानें स्वतः चिखलाचा दरवाजा केला आहे, तें एकदां तरी विचारतें : शत्रु सरळ आंत आला तर? मग तें बुरूज पुढें ओढतें, वाट वळविते, आणि गोमुखी रचना म्हणजे काय तें त्याच्या बोटांस कळतें. अवकाळी पाऊस एका रात्रींत तट ढासळवून जातो, तेव्हां उताराचें पाणी कोणीकडे काढावें याचाही धडा मिळतो.

शिवाय हा किल्ला एकट्याचा नसतो. शेजारचा मुलगा आपला तोफखाना घेऊन येतो. आजोबा काठीनें दाखवितात कीं, ‘बालेकिल्ला इतका खालीं नसतो रे.’ धाकटी बहीण रोज सकाळीं पहारा बदलते. पाहणाऱ्याचा हात लागल्यावांचून तो पुरा होत नाहीं. प्लास्टरच्या किल्ल्यास हात लावला तर रंग निघेल म्हणून ओरडा बसतो, आणि त्यावर अळीव तर मुळींच उगवत नाहीं.

कांहीं पालकांस हा सर्व केरकचऱ्याचा खेळ वाटतो. त्यांनीं चंदिगडच्या नेकचंद यांची गोष्ट ऐकावी. हे गृहस्थ (१९२४-२०१५) फाळणीनंतर इकडे आले व बांधकाम खात्यांत रस्त्यांवरील निरीक्षक झाले. नवें शहर वसविण्यासाठीं जुनीं खेडीं पाडलीं गेलीं. त्यांतील फुटकीं भांडीं, फरशा व बांगड्यांच्या काचा, आणि आसपासचे चित्रविचित्र धोंडे ते सायकलवरून रानांतील एका निषिद्ध जागेंत नेत, व कामाचे तास संपल्यावर त्यांच्या मूर्ती करीत. सुमारें १८ वर्षें हें कोणास ठाऊक नव्हतें. सरकारी जमिनीवरील तें विनापरवाना काम पाडलें जाण्याचा संभव होता. पण १९७६ मध्यें तें लोकांस खुलें झालें, आणि १९८४ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. त्या रॉक गार्डनमध्यें दरवाजे इतके ठेंगणे आहेत कीं, मोठ्या माणसास वांकून जावें लागतें. पुढें कमानींत झोपाळे टांगले आहेत, त्यांवर मुलेंच काय, आजीबाईही बसतात.

आतां स्पर्धांविषयीं दोन शब्द. जिकडेतिकडे किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, हें चांगलें. परंतु बक्षीस आकाराला व झगमगाटाला मिळतें, म्हणून वडील मंडळी रात्र रात्र जागून किल्ला करितात आणि मूल दिवा धरून उभें राहतें. आमचें म्हणणें असें कीं, परीक्षकांनीं किल्ल्याकडे पाहण्यापूर्वीं मुलास विचारावें : हा धोंडा कोठला? टाकें येथेंच कां? ज्यास उत्तर देतां येईल त्यास गुण द्यावे, मग त्याचा बुरूज वांकडा असला तरी चालेल. तयार किल्ला तर स्पर्धेंत घेऊंच नये.

खरी अडचण जागेची आहे, हें आम्ही जाणतों. शहरांत अंगणें राहिलीं नाहींत. जेथें थोडी मोकळी जागा आहे तेथें मोटारी उभ्या राहतात, आणि फरशी खराब होते म्हणून गृहसंस्थांच्या समित्या माती आणूं देत नाहींत. या समित्यांत आमचे वाचक पालकच बसतात. वर्षांतून पंधरा दिवस एका मोटारीइतकी जागा मुलांस द्यावी, एवढा ठराव करणें त्यांच्या हातचें आहे. शेवटच्या दिवशीं मुलांनींच झाडून, धुऊन ती परत करावी. माती कुंड्यांस घालावी, विटा पुढील वर्षासाठीं जिन्याखालीं रचून ठेवाव्या.

अळीव उगवावयास चार-पांच दिवस तरी लागतात. तेव्हां ठराव करावयाचा तो दसऱ्याच्या सुमारासच करावा, आणि गोणपाट वसुबारसेच्या पूर्वींच भिजत घालावें.