प्राडाचं सोडा, टेबलाखाली बघा!

जून २०२५ मधली गोष्ट. मिलानमध्ये प्राडाचा फॅशन शो झाला आणि मॉडेल्सच्या पायात चक्क कोल्हापुरी दिसली. नाव काय दिलं होतं, तर नुसतं 'लेदर सँडल'. ना कोल्हापूरचा उल्लेख, ना भारताचा. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या लंच टेबलावर नुसता धुरळा उडाला होता. एकाने अस्मिता काढली, दुसरा "केस ठोकायला पाहिजे" म्हणाला, तिसरीने तिथल्या तिथे निषेधाचं स्टेटस टाकलं. मी पण मागे नव्हतो. वसाहतवादापर्यंत पोचलो होतो मी! आणि नेमका तेव्हाच माझा चमचा खाली पडला.

चमचा उचलायला टेबलाखाली वाकलो. सहा माणसं, बारा पाय. चार जोड स्पोर्ट शूज, एक जोड भोकाभोकांचे फोमचे क्लॉग, एक जोड रबरी सँडल (हा अस्मादिकांचा). कोल्हापुरी? शून्य.

तर मंडळी, आजचं भांडण प्राडाशी नाही. आजचं भांडण त्या बारा पायांशी आहे.

माझ्याकडे कोल्हापुरीचा एक जोड आहे, नाही असं नाही. लग्नात घेतलेला. झब्ब्यावर मिरवला आणि रात्री खोक्यात घालून माळ्यावर टाकला. त्या दिवशी घरी येऊन काढून बघितला तर बुरशी चढलेली, कातडं लाकडासारखं झालेलं. वापरला असता तर आज माझ्या पायाच्या आकाराचा झाला असता. जपून ठेवला म्हणून मेला. हेच मला म्हणायचंय. हाताने केलेल्या वस्तू चोरीने मरत नाहीत, आपल्या जपून ठेवण्याने मरतात. 'ट्रॅडिशनल डे'ला वर्षातून एकदा हवा दाखवायची आणि उरलेले ३६४ दिवस फोम. मग कारागिराने काय एका दिवसावर वर्ष काढायचं?

आता कायद्याचं बघू, कारण लंच टेबलावर आम्ही सगळे वकील झालो होतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. (हो, कर्नाटकसुद्धा. अस्मितावाल्यांनी हे जरा पाण्याबरोबर गिळावं.) पण जीआय मुख्यतः नावाला कुंपण घालतं, आकाराला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्टचं नाव रजिस्टर आहे, पण सोर्स कोड सगळ्यांना उघडा आहे. प्राडाने नाव वापरलंच नव्हतं! मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण याचिका करणारे जीआयचे मालक नव्हते. आरडाओरडा झाल्यावर प्राडाने भारतीय प्रेरणा मान्य केली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार करून इथेच सुमारे २००० जोड बनवायचं जाहीर केलं. किंमत साधारण ८०० युरो.

म्हणजे बघा, ज्याला आपण चोर म्हटलं तो निदान करार करून बसला. आपण काय केलं? स्टेटस टाकलं, जे २४ तासांत उडून गेलं.

आता माझाच कबुलीजबाब. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. अपराधी वाटत होतंच, म्हणून नवा जोड घ्यायला गेलो. दुकानाच्या मागच्या बाजूला एक काका रापी-आरी घेऊन तळ शिवत होते, शेजारी काकू पट्ट्याची वेणी घालत होत्या. किंमत सांगितली १८००. सवयीने तोंडातून निघालं, "१४०० ला द्या की." काका वर न बघता म्हणाले, "घ्या की सायेब. पर दोन दिस जात्यात ह्येच्यामागं आमचं."

आणि मी १४०० ला घेतला! वाचवलेल्या ४०० रुपयांची परतीच्या वाटेवर हायवेला कॉफी प्यायलो. दोन कप. तिथे काउंटरवर मी "२०० रुपये जरा जास्त होतात हो" असं म्हणालो का? नाही. उलट नाव विचारलं तेव्हा स्पेलिंग सांगितलं.

आपलं एस्टिमेट मॅनेजरने दहा दिवसांवरून सात दिवसांवर आणलं की आपण रात्रभर चरफडतो. 'क्वालिटी' या विषयावर लांबलचक मेल लिहितो. मग दोन माणसांच्या दोन दिवसांच्या कामाचे, वर कातड्याचे, असे १८०० रुपये सांगणारा माणूस आपल्याला लुटारू का वाटतो?

उत्तर कडू आहे, पण लिहितो. पैठणी विणणाऱ्याला आपण 'कलावंत' म्हणतो, मूर्ती घडवणाऱ्याला 'कलाकार'. चप्पल करणाऱ्याला? कातड्याचं काम ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जातीने लादलं, त्यांच्या हाताला कला म्हणायला आपली जीभ अजून अडखळते. मिलानच्या रॅम्पवर गेल्यावरच ती आपल्याला 'डिझाइन' वाटली. तोवर ती दाराबाहेर काढून ठेवायची वस्तू होती.

आणि डिझाइन म्हणून बघाच एकदा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं. कमावायलाच काही आठवडे जातात. खिळा नाही. शिलाई कातड्याच्याच वादीने. अंगठा पाय धरून ठेवतो, दोन बाजूचे कान पट्ट्याला आधार देतात. फाटली तर कोपऱ्यावरचा चांभार शिवून देतो, टाकली तर मातीत जाते. कित्येक पिढ्यांच्या पायांनी टेस्टिंग केलंय. आपलं कुठलं ॲप पाच वर्षं टिकतं हो?

हां, आता बग्ज. आहेत, खोटं कशाला बोला. नवी असताना लागते. पावसात भिजली की वाट लागते. गुळगुळीत टाइल्सवर घसरते. मापं ढोबळ. समकालीन डिझाइनचं काम इथे आहे. तळाला रबराची पातळ पट्टी द्या, वजन कमी करा, मधली मापं काढा, मागे पट्टा द्या. काही तरुण कारागीर हे करतायत सुद्धा. त्यावर लगेच "आता ती अस्सल राहिली नाही" म्हणून नाक मुरडणारे लोक मला प्राडापेक्षा जास्त खटकतात. स्वतः मेमरी फोममध्ये चालायचं आणि कारागिराने मात्र जुन्याच व्हर्जनवर अडकून राहायचं! परंपरा त्याने सांभाळायची आणि आराम आपण करायचा, असं कसं चालेल?

तेव्हा चारच गोष्टी. घ्यायची तर खरी घ्या. रेक्झिनच्या, खिळे ठोकलेल्या चपलाही याच नावाने विकल्या जातात. उलटी करून तळ बघा, वादीची शिलाई दिसली पाहिजे. कुणी केली ते विचारा आणि नाव लक्षात ठेवा. सांगितलेले पैसे द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज घाला. तेलाचं बोट लावा, आठवडाभर थोडी थोडी वापरा, मग ती तुमची होते. पावसाळ्यात खुशाल रबरी घाला, कुणी नावं ठेवणार नाही.

"ऑफिसात चप्पल बरी दिसत नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला टेबलाखालचे क्लॉग दाखवा.

असो. सध्या मी रोज तोच १४०० चा जोड घालतोय. उजव्या पायाला आधी लागला, आता छान बसलाय. चालताना मस्त करकरतो. पुढच्या महिन्यात पुन्हा कोल्हापूरला जायचंय, बायकोसाठी एक जोड घ्यायला. ते राहिलेले ४०० रुपये खिशात वेगळे काढून ठेवलेत. काका घेतील की नाही, माहीत नाही. पण या वेळी नाव विचारून येणार.