लौजी स्टेशन आणि 'अजून एकच डाव'

कर्जतहून खोपोली लोकल सुटली की समोरच्या बाकावर सबवे सर्फर्स सुरू. पळसदरी येईपर्यंत तो मुलगा तीनदा आऊट, लगेच चौथा डाव. हसू नका, मीही तेच करत असतो.

२०१२ पासूनचा हा गेम संपतच नाही. वेग वाढत जातो, आपण कधीतरी धडकतोच. पण डाव छोटा, चूक आपलीच दिसते आणि परत पळायला एक टॅप पुरतो. हरणं इतकं स्वस्त असलं की थांबवत नाही. फ्लॅपी बर्ड तर बनवणाऱ्या डाँग गुयेननेच फेब्रुवारी २०१४ मध्ये काढून टाकला. लोकांना व्यसन लागतंय म्हणाला.

हीच ओढ पैशांच्या गेम्सनी उचलली, फक्त तिथे दर डावाला खिसा हलका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. फुकटच्या गेम्सना धक्का नाही. पण तिथेही धडकल्यावर 'जाहिरात बघा, जीव मिळवा' असतंच. म्हणजे पैशांऐवजी वेळ मोजायचा.

मी ठरवलंय, जाहिरात आली की फोन खिशात. परवा मात्र लौजीला उतरायचं होतं, उतरलो खोपोलीला.