निवती रॉकचे पर्यटन : पक्ष्यांच्या घरी जायचे, पण उंबऱ्याबाहेर थांबून

मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून तळकोकणात जाणाऱ्यांच्या यादीत मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला ठरलेले. आता त्यात निवती रॉकची भर पडू शकते. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या 'आयएनएस गुलदार' या युद्धनौकेभोवती पाण्याखालचे संग्रहालय आणि पाणबुडी पर्यटन उभारण्याचा राज्याचा प्रकल्प याच परिसरात आहे. प्रकल्प स्वागतार्ह आहे. पण शेजारच्या बेटांवर राहणाऱ्यांचे काय?

बेटांवर कोण राहते?

वेंगुर्ला रॉक्स म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे, वस्ती नाही. उघड्या कातळांवर सुरय हे समुद्रपक्षी अंडी घालतात. गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे. ही पाकोळी स्वतःच्या लाळेपासून घरटे बांधते आणि काळोखात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. परदेशात या घरट्यांचे महागडे सूप होते. त्यामुळे येथे घरट्यांची चोरीही झाली आहे.

धोका कधी?

पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून तेव्हा वीण करणाऱ्या सुरयांना खवळलेला समुद्रच राखण देतो. पाकोळीची वीण मात्र उन्हाळ्यात, ऐन पर्यटन हंगामात होते. माणूस गुहेत शिरला की पक्षी उडतात आणि अंडी-पिल्ले उघडी पडतात.

इतरत्र काय करतात?

इंग्लंडच्या उत्तरेकडील फार्न बेटांवर पर्यटक ठरावीक हंगामात, आखलेल्या वाटांवरूनच फिरतात. २०२२ मध्ये बर्ड फ्लू पसरल्यावर तेथे उतरणेच थांबवण्यात आले. होडीतून पक्षी पाहणे हाही तेथे पर्यटनाचाच भाग आहे.

मग मार्ग काय?

सरसकट बंदी नको. तिचा फटका स्थानिक होडीवाल्यांना बसेल. बेटावर उतरणे व गुहेत शिरणे बंद, होडीचे अंतर ठरलेले, भोंगे-ड्रोन नाहीत आणि निवती, भोगवेच्या तरुणांना पक्षीमार्गदर्शकाचे प्रशिक्षण, एवढे नियम पुरेत. सावंतवाडी वन विभाग कोल्हापूर वनवृत्तात येतो. म्हणजे पर्यटक कोल्हापूरचे, तशी जबाबदारीही कोल्हापूरची. पहिली पाणबुडी सुटण्याआधी हे नियम लागू व्हायला हवेत. उजाड झालेल्या गुहा पाहायला कोणी येणार नाही.