हौस कुणाची, हिशेब कुणाचा?

घरात पैशांची ओढाताण सुरू झाली, की सगळ्यात आधी कुणाची हौस मोडीत निघते? मैत्रिणींनो, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. बाईची साडी, बाईचा क्लास, बाईची सहल. आणि आता दिवस बदललेत म्हणताना, बाईची गाडी!

माझ्या एका मैत्रिणीची उरुळी कांचनला रोपवाटिका आहे. नोकरीत असताना तिने स्वतःच्या पगारातून पोलो जीटी घेतली होती, लालभडक. चाकणला तयार व्हायची ही गाडी, २०२२ साली तिचं उत्पादन थांबलं. खरीखुरी स्पोर्ट्स कार नव्हे, पण पाय दाबला की अशी काही सुटते की शेजारी बसलेल्याने देवाचं नाव घ्यावं. घरात तिला ‘स्पोर्ट्स कार’च म्हणतात, तेही जरा नाक मुरडून. आता घरच्यांचं ठरलंय, ही लाल गाडी द्यायची आणि जुनी बोलेरो पिकअप घ्यायची. ‘धंदा करायचा तर धंद्याची गाडी हवी, मिरवायची कशाला?’

बोलणं वावगं नाही. कुंड्या आणि रोपं काही पोलोच्या डिकीत मावत नाहीत. पावसाळ्यात टेम्पोवाला ऐनवेळी ‘ताई, आज दुसरं भाडं आहे’ म्हणतो आणि भरून ठेवलेली रोपं उन्हात कोमेजतात. पण मी तिला म्हटलं, आधी कागद-पेन घे. जून ते सप्टेंबर महिन्याला १५ फेऱ्या, एरवी चारेक. म्हणजे वर्षाच्या ९२. फेरीला १८०० रुपये धरले तर १ लाख ६५ हजार ६०० रुपये भाडं. आकडा बघून नवरोजी म्हणाले, ‘बघ, वर्षाला दीड लाख वाचतील!’

कसे वाचतील? डिझेल कोण घालणार? फेरीला ५०० म्हटले तरी ४६ हजार. विमा, पासिंग, टायर, जुन्या गाडीची डागडुजी मिळून ६० हजार तरी धरा. शिवाय टेम्पोवाला माल चढवून-उतरवून देतो. तो हात गेला, की फेरीमागे ३०० रुपयांचा माणूस आला, म्हणजे आणखी २७ हजार ६००. उरले किती? ३२ हजार! त्यातही गाडी ती स्वतः चालवणार, तिच्या वेळेला मोल शून्य धरून. (ते नेहमी शून्यच धरलं जातं म्हणा.) पोलोचा खर्च वाचेल हे खरं, पण सासूबाईंना दवाखान्यात न्यायला रिक्षा आलीच. मुलांना मागे हौद्यात बसवून नेणं कायद्यानेही चालत नाही आणि शहाणपणानेही.

‘बाई पिकअप चालवणार?’ हा प्रश्न मात्र मी बाजूलाच ठेवते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने पुन्हा शिक्कामोर्तब केलं, की एकूण साडेसात टनांच्या आतलं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. तिला गाडी येते, लायसन्स आहे, विषय संपला. लोक काय, चार दिवस बघतील.

मला खुपतंय ते वेगळंच. याच घराच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली बुलेट उभी आहे. महिन्यातून एकदा पुसली जाते, दोनदा चालते. ती विकायची गोष्ट कुणी काढली का? नाही! ती ‘त्याची आवड’. हिची मात्र ‘चैन’.

माझं मत विचाराल तर पिकअप वाईट नाही, घाई वाईट आहे. एक पावसाळा टेम्पोवरच काढावा, वहीत प्रत्येक फेरी लिहावी, किती वेळा टेम्पो आला नाही तेही लिहावं. चार-पाच वेळा माल वाया गेला असेल, तर ३२ हजारांचा हिशेब सोडून द्यावा आणि पिकअप घ्यावी. तेव्हाही पोलो द्यायची की बुलेट, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवावं. पोलोच गेली तर तिचे पैसे हिच्या खात्यात आणि पिकअपची आरसी हिच्या नावावर.

आणि बघायला जाल तेव्हा दिराला नव्हे, मेकॅनिकला न्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, तेव्हा शेवटचं पासिंग कधीचं ते बघा. आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, जुने दंड थकलेत का, मागचे पाटे बसलेत का, हौद्याचा पत्रा खालून सडलाय का, सगळं वाकून बघा. रिकामी गाडी कुणाचीही छान पळते, पंधरा-वीस गोणी माती भरून चढावर घाला. आणि स्टिअरिंगवर तुम्हीच बसा.