बर्फावरची पावले



मागील अंकात हे सदर चुकले, याबद्दल वाचकांची क्षमा मागते. मी तेव्हा मुलीकडे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर येथे होते. २५ जानेवारी २०१५ चा रविवार. सोमवारी सायंकाळपासून मोठे हिमवादळ सुरू होणार, असे सर्व वाहिन्या सांगत होत्या. दुकानांतील दुधाच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. जावईबापू म्हणाले, “आई, पुढे दोन-तीन दिवस घरात कोंडून राहायचेच आहे. आज डोंगरावर जाऊन येऊ.”

डोंगर म्हणजे जवळचा वॉचुसेट, सुमारे ६११ मीटर उंचीचा. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती टेकडीच वाटेल. परंतु गुडघाभर बर्फात तिची उंची वाढते. त्यासाठी पायांत ‘स्नोशू’ बांधावे लागतात. आपल्या बुटाखाली हा लांबट, रुंद जोड बांधला की शरीराचा भार पसरतो आणि पाऊल खोल रुतत नाही. पूर्वी लाकडाची चौकट वाकवून तीत कच्च्या कातड्याच्या वाद्या विणीत असत. तसा एक जुना जोड दुकानाच्या भिंतीवर टांगलेला होता. आम्हांला भाड्याने मिळाले ते ॲल्युमिनियमचे व प्लास्टिकचे. तरीही मुलीने प्रत्येक पट्टा उलटून पाहिला. परदेशात बूट, हातमोजे, पिसांचे कोट घेताना असे पाहण्याची तिला सवयच जडली आहे.

चालताना पाय थोडे फाकून टाकावे लागतात, नाहीतर आपल्याच जोडावर आपलाच पाय पडतो. जावईबापू पुढे वाट तुडवीत, त्यांच्यामागे नऊ वर्षांची नात, मग मी, शेवटी मुलगी. एके ठिकाणी बर्फावर अगदी बारीक पावले उमटलेली होती आणि त्यांच्यामध्ये शेपटीची एक रेघ. तो माग एका छिद्रापाशी संपत होता. जावईबापूंनी सांगितले की, जमीन आणि बर्फ यांच्यामध्ये एक पोकळी राहते. बाहेर कितीही थंडी असली तरी तेथे तापमान शून्याच्या आसपास असते. उंदरांसारखे लहान जीव हिवाळा तेथेच काढतात. वरचा बर्फ दबला की ती ऊब नाहीशी होते.

नात थांबली. “आजी, पाठशाळेत सांगितले की दव, बर्फ, गारा हे सगळे अप्काय जीव आहेत. आणि खाली उंदीर. मग आपण हे काय करतो आहोत?”

आयुष्यभर प्रतिक्रमण केलेल्या मला चटकन उत्तर सुचले नाही. गृहस्थाला स्थूल हिंसेचा त्याग सांगितला आहे, जयणा राखावी, वगैरे मी बोलले. पण ते शब्द माझ्याच कानांना पाठ केल्यासारखे वाटले. तिने ऐकून घेतले आणि वडिलांच्या उमटलेल्या पावलांतच आपले पाऊल टाकू लागली. मग आम्ही सर्वच तसे चालू लागलो. त्यामुळे वेग मंदावला.

निघण्यापूर्वी मुलीने ठरविले होते की, एक वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे. जानेवारीत तेथे सूर्य पाचच्या आधीच मावळतो आणि त्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नसते. एक वाजला तेव्हा झाडांवरून माथ्याचा मनोरा दिसत होता. जावईबापू म्हणाले, “फक्त वीस मिनिटे.” खरे सांगते, मीही त्यांचीच बाजू घेतली. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा कधी अशा शिखरावर उभी राहणार होते मी? मुलगी म्हणाली, “आई, बाबा दुकानात काय करायचे आठवते ना? ठरविलेला भाव आला की माल विकून मोकळे. आणखी दोन रुपये वाढतील म्हणून थांबायचे नाहीत.” तिच्या वडिलांचे नाव निघाल्यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही. मी रागावूनच मागे वळले.

उतरताना माझा एक जोड दुसऱ्यावर पडला आणि मी कोसळले. गुडघा मुरगळला. तासाभराच्या वाटेला दोन तासांहून अधिक लागले. घरी पोहोचून खिचडीचे शेवटचे घास घेतले तेव्हा खिडकीत पिवळा उजेड जेमतेम उरला होता. मुलीने वीस मिनिटांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

वादळ भाकिताप्रमाणे आले. २६ जानेवारी, इकडे आपण झेंडावंदन उरकून बसला असाल. मध्यरात्रीपासून राज्यभर वाहनांना बंदी होती. वूस्टरला ३४.५ इंच बर्फ पडला, तेथील नोंदींतील सर्वांत मोठा. न्यूयॉर्कला मात्र याच वादळाच्या धास्तीने भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली होती आणि तेथे दहा इंचही पडला नाही. बाजाराचा अंदाज काय आणि आकाशाचा काय!

मंगळवारी सकाळी दार उघडेना. शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्यांच्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी भिंतीत खाली आहे. ती बर्फाने बुजली तर विषारी वायू घरात साचतो. जावईबापूंनी तेच भाड्याचे जोड पायांत चढविले आणि फावडे घेऊन निघाले. वीस पावलांच्या अंतराला त्यांना बराच वेळ लागला. नात खिडकीतून पाहत होती. ते परतताना आपल्याच आधीच्या पावलांवरून आले, हे तिने मला मुद्दाम दाखविले.

जोड परत करायला गुरुवारी गेलो. दुकानदाराने वादळाच्या दिवसांचे भाडे लावले नाही. जावईबापूंनी मंगळवारचे तेवढे आग्रहाने दिले; त्या दिवशी ते वापरले होते.