टाके घालणारा रोबो व्हायरल झाला, पण मुरुमच्या दवाखान्यात काय बदलणार?

रोबो टाके घालतोय, असं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. जानेवारी 2025 मध्ये गुरुग्राममध्ये बसलेल्या सर्जननी 286 किलोमीटर लांब जयपूरमधल्या रुग्णावर ‘एसएसआय मंत्रा’ या भारतीय रोबोने हृदयाची शस्त्रक्रिया केली. त्याआधी 2022 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ‘स्टार’ रोबोने डुकराचं आतडं जवळपास स्वतःच शिवून दाखवलं होतं. भारी आहेच.

आता धाराशिव जिल्ह्यातलं मुरुम डोळ्यासमोर आणा. उमरगा तालुका, कर्नाटकची सीमा जवळ, आजूबाजूला ऊस, थोड्या अंतरावर सोलापूर-हैदराबाद हायवे. कोयता लागला किंवा गाडी घसरली, की जखम शिवायला डॉक्टरांच्या हातात तीनच गोष्टी येतात: नीडल होल्डर, चिमटा आणि दोरा लावलेली वाकडी सुई. आपल्याकडचे बहुतेक टाके असेच पडतात. म्हणून खरा प्रश्न रोबोचा नाही. ही साधी हत्यारं जास्त सुरक्षित कशी होतील, हा आहे.

सुरक्षित कोणासाठी? रुग्णासाठी, आणि शिवणाऱ्यासाठीही. सुई कातडीच्या पलीकडे निघते तेव्हा टोक पटकन दिसत नाही, मग बोट पुढे जातं. हातमोज्याला भोक पडलेलं कळतही नाही. रुग्णाला आजार असेल तर सुई टोचल्यावर लागण होण्याचं प्रमाण एचआयव्हीचं साधारण 0.3 टक्के आणि हिपॅटायटिस सीचं सुमारे 1.8 टक्के सांगितलं जातं. हिपॅटायटिस बीचं, लस घेतलेली नसेल तर, 30 टक्क्यांपर्यंत जातं. हे आकडे मुख्यतः इंजेक्शनच्या पोकळ सुईचे आहेत. टाक्याची सुई भरीव असते, त्यामुळे रक्त कमी जातं, पण धोका शून्य होत नाही.

यावरचा एक उपाय इतका साधा आहे की त्याचं रील बनणार नाही: सुईचं टोक थोडं बोथट करायचं. 2011 च्या कॉक्रेन आढाव्यात बोथट सुयांमुळे हातमोज्यांना भोकं पडण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. 2012 मध्ये एफडीएसह तीन अमेरिकी सरकारी संस्थांनी मिळून त्या वापरा असं सांगितलं. पण इथे गोम आहे. बोथट सुई पोटाच्या आतल्या स्नायूच्या थरांना चालते, म्हणजे सिझेरियनसारख्या ऑपरेशनमध्ये उपयोगी. कातडी चिवट असते, तिथे धारदार सुईच लागते. कोयत्याच्या जखमेला बोथट सुईचा फायदा नाही.

मग कातडीसाठी काय? एक दिशा आहे टोक झाकणाऱ्या किंवा पलीकडे स्वतःच पकडणाऱ्या उपकरणाची. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ‘एंडो स्टिच’ हेच करतं: दोरा सुईच्या मध्यभागी असतो आणि सुई एका जबड्यातून दुसऱ्यात जाते, शिलाई मशीनच्या शटलची आठवण यावी तशी. बोट मध्ये येतच नाही. पण गावातल्या जखमेसाठी ते महाग पडतं आणि तिथे नीट बसतही नाही.

दुसरी दिशा स्टेपलरची. वेग मिळतो, पण वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे. 2011 ते मार्च 2018 या काळात एफडीएकडे सर्जिकल स्टेपलरबद्दल 41 हजारांहून जास्त तक्रारी आल्या, त्यात 366 मृत्यूंची नोंद होती. त्यानंतर 2021 मध्ये शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरचे नियम कडक झाले. कातडीवरचा स्टेपलर वेगळा आणि साधा असतो, पण पिन काढायला वेगळं अवजार लागतं. ते दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नसेल तर पेशंटने काय करायचं?

भारतात 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. चांगलंच झालं, पण स्वस्त झालेलं हत्यार आपोआप सुधारत नाही. साधा नीडल होल्डरच बघा. काहींच्या कड्या सोनेरी असतात. ती शोभा नाही, जबड्यात टंगस्टन कार्बाइड बसवल्याची खूण आहे. त्याने सुई घट्ट धरली जाते, फिरत नाही, आणि सुई फिरली नाही तर बोटाने सावरायची गरजही कमी पडते. माझ्या मते लहान दवाखान्यांसाठी पहिला खर्च इथेच व्हावा.

नवं काही घडवायचं असेल तर राज्यात जागा आहे. आयआयटी मुंबईत 2014 मध्ये ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झालं, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही त्याच्याशी जोडले गेले. तिथे डॉक्टर आणि इंजिनीअर एकत्र बसून उपकरणं बनवतात. टाक्यांचं हत्यार त्यांनी किंवा तुमच्यापैकी कुणी हाती घेतलं, तर मुरुमच्या अटी आधी लिहून घ्याव्या लागतील. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशाची वाफ शेकडो वेळा सोसली पाहिजे. बिजागरीत रक्त अडकायला नको, अडकलं तर ब्रशने निघालं पाहिजे. डावखुऱ्या डॉक्टरलाही चाललं पाहिजे. आणि रात्री दोन वाजता, एकच नर्स हाताशी असताना, चार्जिंग संपलंय म्हणून ते बंद पडता कामा नये.